यादी नको, नोंद हवी: गिरणा आणि तापी खोऱ्यातील माशांच्या सर्वेक्षणाविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: जळगाव जिल्ह्यातील महाविद्यालयात तुम्ही प्राणिशास्त्र शिकवता, सोबत दोन विद्यार्थी आहेत, हाताशी एक वर्ष आहे, आणि गिरणेच्या उगमाकडच्या भागापासून तापीच्या संगमापर्यंत कोणते मासे कुठे आढळतात हे नोंदवायचे आहे. त्यासाठी किती ठिकाणे घ्यावीत, कोणती जाळी वापरावीत आणि विविधतेचा निर्देशांक कोणता काढावा, असे तुम्ही विचारले आहे. या तिन्हींची उत्तरे पुढे देतो, पण तुम्ही न विचारलेल्या एका गोष्टीपासून सुरुवात करणे मला आवश्यक वाटते. ती म्हणजे, नोंद कशाला म्हणायचे.

नदीच्या नावाखाली पन्नास–साठ माशांची शास्त्रीय नावे एकाखाली एक लिहिली म्हणजे यादी होते. ती वाचून कोणता मासा कोणत्या गावाजवळ, कोणत्या महिन्यात, कोणत्या जाळ्यात, किती प्रयत्नांनंतर सापडला आणि त्याचा नमुना आज कुठे पाहता येतो हे कळत नाही. नोंदीत या पाचही गोष्टी असतात, आणि त्यांपैकी एक जरी नसली तरी वीस वर्षांनी त्या ठिकाणी जाऊन तुलना करू पाहणाऱ्याला तिचा फारसा उपयोग होत नाही. खानदेशातील नद्या ज्या वेगाने बदलत आहेत ते पाहता, ही तुलना करणारा माणूस येणारच आहे असे धरून तुम्ही काम करावे.

हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. माझ्या पहिल्या सर्वेक्षणात मी बरण्यांतील चिठ्ठ्या साध्या बॉलपेनने लिहिल्या होत्या. नमुने अल्कोहोलमध्ये घातल्यावर काही आठवड्यांत शाई विरघळली, आणि एका पूर्ण हंगामाचे मासे ठिकाणाशिवाय उरले. त्या माशांची ओळख पटली होती, पण ते पांझरा नदीचे की बोरी नदीचे हे सांगता येत नव्हते, आणि म्हणून ते सगळे मला बाजूला काढावे लागले. चिठ्ठी पेन्सिलीने किंवा पक्क्या काळ्या शाईने, जाड आणि पाण्यात न फाटणाऱ्या कागदावर लिहावी आणि ती बरणीच्या आत टाकावी. बाहेर चिकटवलेली चिठ्ठी गळून पडते.

आता ठिकाणांविषयी. ठिकाणे समान अंतरावर किंवा डांबरी रस्ता जिथे नदीला भेटतो त्या पुलांवर घेण्याची पद्धत सोयीची असली तरी घातक आहे, कारण पुलाजवळचे पात्र बहुधा उकरलेले, कचऱ्याचे आणि एकसारखे असते. खोऱ्याची रचना आधी नकाशावर समजून घ्यावी. तापी मध्य प्रदेशातील मुलताईजवळ उगम पावते आणि सुमारे ७२४ किलोमीटर वाहत सुरतेजवळ समुद्राला मिळते. खानदेशात तिच्या दोन्ही बाजू एकमेकींसारख्या नाहीत. उत्तरेकडून सातपुड्यातून उतरणाऱ्या सुकी, मोर, अनेर, अरुणावती, गोमाई या नद्या आखूड, उताराच्या आणि दगडगोट्यांच्या आहेत. दक्षिणेकडून सह्याद्री आणि अजिंठ्याच्या रांगांतून येणाऱ्या गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर या लांब, संथ आणि आज जागोजागी अडवलेल्या आहेत. मधल्या पट्ट्यात खोल गाळाची जमीन, उंच दरडी आणि रुंद वाळूचे पात्र आहे.

या रचनेतील एक गोष्ट वितरणाच्या नकाशावर थेट उमटते. रावेर आणि यावल तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा जो जाड थर आहे, ज्याला भूजलाचे अभ्यासक बझाडा म्हणतात, त्यात डोंगरातून आलेले पाणी जमिनीत मुरून जाते. त्यामुळे वरच्या झऱ्यांतील मासे आणि तापीतील मासे यांच्यात वर्षाचा बराच काळ कोरड्या पात्राचा खंड असतो आणि पुराच्या काही दिवसांतच तो जोडला जातो. तिथे तुम्हाला मासे आढळले नाहीत तर ती सर्वेक्षणातली उणीव नाही, नदीचा तो स्वभाव आहे. म्हणून 'कोरडे पात्र' ही नोंदसुद्धा तारीख आणि ठिकाणासह लिहावी. वर झऱ्यात गॅरा मुल्या किंवा इंडोरिओनेक्टिस एव्हेझार्डीसारखे दगडाला धरून राहणारे मासे आणि खाली तापीत शिंगाडा, वाम, मरळ असे चित्र उभे राहिले, तर त्यामागचे कारण सांगायला ही कोरडी नोंदच उपयोगी पडेल.

गिरणेसाठी माझा सल्ला असा आहे. नदीचे चार भाग पाडावेत: चणकापूरच्या वरचा डोंगराळ भाग, चणकापूर ते गिरणा धरण, गिरणा धरण ते जामदा आणि दहिगाव बंधाऱ्यांचा पट्टा, आणि तिथून तापीच्या संगमापर्यंतचा खालचा भाग. प्रत्येक भागात सहा ठिकाणे घ्यावीत, आणि त्या सहांत डोह, खडकाळ धार, वाळूचे उथळ पात्र, बंधाऱ्याचा फुगवटा आणि एखादी उपनदी यांना शक्यतो जागा द्यावी. अशी चोवीस ठिकाणे होतात. पावसाळ्यानंतर, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात अशा तीन वेळा प्रत्येक ठिकाणी जायचे म्हणजे बहात्तर भेटी होतात. दोन विद्यार्थी आणि एक शिक्षक यांना वर्षभरात हे झेपते. पन्नास ठिकाणे झेपत नाहीत, आणि अशी मोठी आखणी शेवटी प्रत्येक ठिकाणच्या एकाच भेटीवर येऊन थांबलेली मी अनेकदा पाहिली आहे.

तीन भेटींचा आग्रह का, हे आकड्यांनी सांगतो. एखादा मासा त्या ठिकाणी खरोखर राहतो, पण एका भेटीत तो जाळ्यात येण्याची शक्यता दहात चार आहे असे समजा. एकदाच गेलात तर तो निसटण्याची शक्यता साठ टक्के. तीन वेळा गेलात तर ०.६ चा घन, म्हणजे सुमारे २२ टक्के. पाच वेळा गेलात तर ८ टक्क्यांच्या आत. म्हणून 'हा मासा इथे नाही' असे वाक्य एका भेटीवरून कधीही लिहू नये. 'अमुक इतक्या प्रयत्नांत आढळला नाही' असे लिहावे आणि प्रयत्न किती ते सांगावे. बारीक अंगाच्या, दगडाखाली राहणाऱ्या किंवा रात्री हिंडणाऱ्या माशांच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचे आहे.

प्रयत्न मोजता यावेत म्हणून जाळ्यांचे वर्णन नेमके हवे. फाशाचे जाळे असेल तर त्याची लांबी, उंची, आसाचे (म्हणजे जाळ्याच्या छिद्राचे) माप आणि ते पाण्यात किती तास होते हे लिहावे. फेकजाळे असेल तर किती फेकी टाकल्या ते लिहावे. ओढजाळे असेल तर किती मीटर ओढले ते लिहावे. एकाच आसाचे जाळे वापरल्यास एकाच आकाराचे मासे मिळतात आणि मग खोऱ्यात दुसरे मासेच नाहीत असा भास होतो. निदान तीन-चार वेगवेगळ्या आसांची जाळी, शिवाय धारेतील दगडांभोवतीच्या लहान माशांसाठी हातजाळे, एवढे हवेच. सुरुंग, विषारी पूड किंवा वीज वापरून मारलेले मासे अभ्यासासाठी विकत घेऊ नयेत. विज्ञानाच्या नावाखाली त्या पद्धतीला गिऱ्हाईक मिळू देऊ नये असे मला मनापासून वाटते. सातपुड्यात काही झाडांची फळे आणि साली ठेचून उन्हाळ्यातल्या डोहात टाकण्याची जुनी रीत आहे. ती दिसली तर आपली नोंद वेगळी ठेवावी आणि त्या डोहात त्या हंगामात पुन्हा जाळे टाकू नये.

बाजारातील मासळीविषयी सावध राहावे. जळगाव किंवा भुसावळच्या बाजारात दिसणारा मासा हतनूर धरणाचा, गिरणा धरणाचा, उकाई धरणाचा, शेततळ्याचा किंवा परराज्यातून बर्फात आलेला असू शकतो. विक्रेत्याने 'गिरणेचा आहे' म्हटले तरी तो वितरणाच्या नकाशावरचा बिंदू होत नाही. बाजारातील नोंदी स्वतंत्र वहीत ठेवाव्यात. नदीत न मिळालेला मासा तिथे दिसला तर तो कुठे शोधायचा याचा तो सुगावा असतो, त्याहून अधिक काही नाही.

धरणांतील नोंदींना दुसरी अडचण आहे. कटला, रोहू आणि मृगळ हे मूळचे उत्तर भारतातील नद्यांचे मासे आहेत. आपल्या जलाशयांत ते मत्स्यबीज सोडल्यामुळे आलेले आहेत. सायप्रिनस (कॉमन कार्प) आणि तिलापिया तर परदेशातून आणलेले आहेत. तिलापिया भारतात १९५२ साली आला. ज्याला लोक महासीर किंवा खडशी म्हणतात, त्याचेही बीज लोणावळ्याच्या उबवणी केंद्रातून अनेक राज्यांत गेलेले आहे, म्हणून एखाद्या जलाशयात तो सापडला की त्याला लगेच 'तापीचा मूळ रहिवासी' ठरवू नये. प्रत्येक नोंदीसमोर मूळचा, सोडलेला, परदेशी किंवा ठरवता न येणारा असा एक रकाना ठेवावा, आणि विविधतेचा आकडा काढताना मूळच्या माशांचा आकडा वेगळा द्यावा. तसे केले नाही तर बीज सोडलेले धरण हे नदीपेक्षा अधिक समृद्ध आहे असा उलटा निष्कर्ष निघतो, आणि तो पुढे धोरण ठरवणाऱ्यांच्या हाती पडतो.

ओळख पटवण्याच्या कामात सर्वाधिक चुका लहान खवलेदार माशांत होतात. दोन उदाहरणे देतो. पंटियस सोफोर आणि पेथिया टिक्टो हे दोघे एकाच जाळ्यात येतात आणि दोघांच्या अंगावर ठिपके असतात, म्हणून ते एकच समजले जातात. सोफोरच्या पाठीच्या पराचा शेवटचा काटा गुळगुळीत असतो आणि पार्श्वरेषा, म्हणजे अंगाच्या बाजूवरची बारीक छिद्रांची रेषा, शेपटीपर्यंत पूर्ण असते. टिक्टोच्या त्याच काट्याला मागच्या बाजूने करवतीसारखे दाते असतात आणि पार्श्वरेषा बहुधा अर्ध्यावर थांबते. भिंग आणि सुई घेऊन बसल्यास हे दोन मिनिटांत कळते, नुसत्या फोटोवरून कळत नाही. जुन्या याद्यांत हे दोघेही पंटियस म्हणून आहेत. २०१२ साली त्या मोठ्या गटाची फोड झाली आणि टिक्टो पेथियात गेला.

दुसरे उदाहरण छोट्या मरळीचे. महाराष्ट्रातील अनेक याद्यांत चन्ना ओरिएन्टॅलिस हे नाव दिसते. ती जात श्रीलंकेतली आहे आणि तिला पोटाकडचे पर नसतात. आपल्या ओढ्यांत मिळणाऱ्या माशाला ते पर असतात, आणि तो चन्ना गाचुआ आहे. हे चुकीचे नाव मी स्वतः एकेकाळी जुन्या यादीतून तसेच उतरवून घेतले होते, आणि बरणीतला नमुना पुन्हा उघडून पाहिला तेव्हाच ते दुरुस्त करता आले. त्याचप्रमाणे जुन्या लिखाणातील भारतीय क्लॅरियस बॅट्रॅकसला आता क्लॅरियस मागुर म्हणतात. देशी मांगूर आणि बंदी असतानाही तळ्यांत वाढवला जाणारा आफ्रिकी मांगूर यांतला फरक डोक्यामागच्या हाडाच्या आकारावरून तपासावा, कारण हा दुसरा मासा पुरात नदीत उतरतो आणि त्याची प्रत्येक पक्की नोंद महत्त्वाची आहे.

म्हणून प्रत्येक जातीचे निदान दोन-तीन नमुने प्रत्येक भागातून ठेवावेत. त्यापेक्षा जास्त मारण्याचे कारण नाही, बाकीचे मोजून, फोटो काढून परत सोडावेत. फोटो जिवंत किंवा ताज्या माशाचा, डावी बाजू दिसेल असा, पर पसरलेले आणि शेजारी मोजपट्टी असा घ्यावा, कारण रंग काही तासांत जातो. डीएनए तपासणीचा विचार असल्यास पराचा छोटा तुकडा आधी कापून ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवावा, कारण फॉर्मेलिनमध्ये गेल्यावर ते काम फार अवघड होते. त्यानंतर मासा १० टक्के फॉर्मेलिनमध्ये ठेवावा, म्हणजे बाजारातील फॉर्मेलिनचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग. मासा मोठा असल्यास पोटाला लहान छेद द्यावा. काही दिवसांनी पाण्यात नीट धुऊन तो ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवावा. हातमोजे आणि हवेशीर खोली यांबाबत विद्यार्थ्यांना सवलत देऊ नये. वर्षाखेरीस नमुन्यांचा एक संच पुण्यातील भारतीय प्राणिविज्ञान सर्वेक्षणाच्या प्रादेशिक केंद्रासारख्या ठिकाणी जमा करण्याची व्यवस्था सुरुवातीलाच पत्राने विचारून ठेवावी. महाविद्यालयाच्या कपाटातील बरण्या शिक्षकाची बदली किंवा निवृत्ती झाल्यावर टिकत नाहीत. यावल किंवा अनेर धरण अभयारण्यात काम करायचे असल्यास वनविभागाची लेखी परवानगी आधी घ्यावी.

ठिकाणाची नोंद करताना अक्षांश-रेखांश दशांशात, निदान चार अंकांपर्यंत लिहावेत. चौथा अंक जमिनीवर सुमारे ११ मीटर इतका असतो, आणि नदीसाठी तेवढे पुरते. घरी आल्यावर सर्व बिंदू नकाशावर टाकून पाहावेत. अक्षांश आणि रेखांश उलटे लिहिले गेले तर जळगावचा बिंदू थेट नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात जातो, ते लगेच दिसते. पण गाव बरोबर आणि नदी चुकलेली असेल तर ते सहज दिसत नाही. इथे पूर्णेचे उदाहरण मी नेहमी देतो. एक पूर्णा चांगदेव येथे तापीला मिळते, दुसरी अजिंठ्याच्या डोंगरातून निघून गोदावरीकडे जाते, आणि तिसरी डांगातून नवसारीकडे वाहते. नुसते 'पूर्णा नदी' लिहिलेला मासा तीन वेगवेगळ्या खोऱ्यांपैकी कुठल्याही यादीत जाऊ शकतो. म्हणून नदीचे नाव, ती कोणाला मिळते, गाव, तालुका आणि जिल्हा असा पूर्ण क्रम लिहावा. सातपुड्यातील कामात तर पाणलोटाची रेषा स्वतः तपासावी, कारण अक्राणी तालुक्यातले बरेच ओढे नर्मदेकडे उतरतात.

स्थानिक नावांना तुम्ही परिशिष्टात टाकण्याचा विचार करत आहात असे तुमच्या प्रश्नावरून दिसते. ती मूळ तक्त्यात घ्यावीत. ब्रिटिश लष्करी अधिकारी साइक्स यांनी १८३९ साली दख्खनच्या माशांचे वर्णन केले तेव्हा त्यांनी मराठी नावेच शास्त्रीय नावांत घेतली, आणि मुल्या, खुद्री, कोलस, पोटेल ही नावे आजही जगभर तशीच चालतात. गिरणेकाठच्या भोई आणि कोळी कुटुंबांना जे भेद ठाऊक आहेत ते जाती ओळखण्यासाठी आपण वापरतो त्या लक्षणसूचींत नेहमीच नसतात. एखादी वृद्ध व्यक्ती आपण एकच समजलेल्या दोन माशांना दोन नावे देत असेल, तर नमुने पुन्हा टेबलावर काढावेत. मात्र एकच नाव दर चार गावांनी वेगळ्या माशाला लागते, म्हणून नावासोबत गाव लिहावे आणि नावावरून जात ठरवू नये.

याच मंडळींकडून आणखी एक वर्गातील माहिती मिळते, ती म्हणजे आठवणीतील मासे. अहीर (ईल) हा सापासारखा लांबट मासा समुद्रात जन्मतो, पिल्ले नदीने वर चढतात आणि मोठी झालेली अहीर प्रजननासाठी पुन्हा समुद्राकडे उतरते. उकाई धरण १९७२ साली पूर्ण झाल्यावर ही वाट अडली; त्याच्या वर प्रकाशा, सारंगखेडा आणि सुलवाडे हे बॅरेजही आता आहेत. म्हाताऱ्या मासेमारांना अहीर, तिची शेवटची आठवण आणि ते ठिकाण विचारावे, सांगणाऱ्याचे त्या वेळचे अंदाजे वय लिहून घ्यावे आणि 'आठवण, नमुना नाही' असा स्पष्ट शेरा मारावा. नकाशावर तो बिंदू पोकळ वर्तुळाने दाखवावा. पांझरेवरच्या फड बागायतीचे, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेल्या पारंपरिक सिंचनाचे, जुने बंधारे माशांना पावसाळ्यात ओलांडता येत होते का, हे विचारण्यासारखे आहे. उंच, बंद आणि दारे असलेल्या आजच्या बांधकामांशी तुलना करण्यासाठी ते उपयोगी पडेल. वाळू उपसा, सांडपाणी आणि उन्हाळ्यात उरलेल्या डोहांची लांबी-खोली यांचे रकानेही त्याच पानावर ठेवावेत. मे महिन्यात गिरणेच्या खालच्या भागात जे चार-दोन डोह उरतात, त्यांतूनच पुढच्या पावसाळ्याचे मासे येतात. माझ्या मते तुमच्या सर्व नोंदींत या डोहांची नोंद सर्वांत मौल्यवान ठरेल.

निर्देशांकांविषयी थोडेच सांगतो. शॅनन निर्देशांक (जातींची संख्या आणि प्रत्येक जातीचे प्रमाण एकत्र मोजणारा आकडा) काढण्यास हरकत नाही, पण दोन ठिकाणांचे प्रयत्न समान नसतील तर त्यांच्या आकड्यांची तुलना करू नये. त्याआधी भेटींच्या क्रमाने जाती कशा वाढत गेल्या त्याचा आलेख काढावा; रेषा अजून चढती असेल तर काम अपुरे आहे. न सापडलेल्या जाती धरून एकूण जाती किती असतील याचा अंदाज देणारे चाओ यांचे सूत्र साधे आहे: एकदाच सापडलेल्या जातींच्या संख्येचा वर्ग, भागिले दोनदा सापडलेल्या जातींच्या संख्येची दुप्पट, आणि ही संख्या आढळलेल्या जातींत मिळवायची. समजा ३४ जाती मिळाल्या, त्यांपैकी ६ जातींचा एकेकच मासा आणि ३ जातींचे दोन-दोन मासे मिळाले, तर ३६ भागिले ६ म्हणजे ६, आणि अंदाज किमान ४० जातींचा होतो. मात्र त्या सहा एकट्या माशांची ओळख चुकली असेल तर हे गणितही चुकते, म्हणून सूत्र लावण्यापूर्वी त्या सहा बरण्या पुन्हा उघडाव्यात.

काम पावसाळा ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये सुरू करावे, जूनपूर्वी उन्हाळी फेरी संपवावी आणि जुलै-ऑगस्टमध्ये, बहुतेक मासे अंडी घालण्याच्या काळात, जाळी न टाकता फक्त वर चढणारे मासे कुठे अडतात ते बंधाऱ्यांवर उभे राहून पाहावे. शास्त्रीय नावे छापण्याआधी कॅलिफोर्नियातील विज्ञान अकादमीच्या मत्स्यनामसूचीत एकदा तपासून घ्यावीत. मूळ तक्ता, म्हणजे प्रत्येक भेटीची प्रत्येक ओळ, काहीच न सापडलेल्या शून्यांसह, जीबीआयएफसारख्या जगभरच्या जीवनोंदींच्या खुल्या साठ्यात द्यावी, आणि त्या-त्या गावाचा मराठीतील भाग ग्रामपंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीसाठी तिथल्या समितीकडे हाती द्यावा. ज्यांनी जाळे टाकून मासे दाखवले त्यांची नावे, त्यांची परवानगी घेऊन, त्या पानावर यायला हवीत.